नळसाहेबांचा बुधवार

नळसाहेबांचा सोमवार रविवारी दुपारी चहाच्या वेळेलाच सुरू व्हायचा. जेवून जरा आडवं व्हावं, डोळा लागावा, आणि जाग येते तो भिंतीवरचं ऊन पिवळं पडलेलं. की झालंच, पोटात खड्डा. शर्टाला इस्त्री आहे का, उद्या खिडकी उघडल्या उघडल्या पहिला कोण ओरडणार, गेल्या आठवड्यात 'सोमवारी बघतो' असं आपण कुणाकुणाला सांगून बसलोय, हे सगळं त्या खड्ड्यात घरंगळत जायचं. बायको चहाचा कप समोर ठेवून विचारायची, "आला का तुमचा सोमवार?"

"आला," नळसाहेब म्हणायचे, आणि चहा गार होईपर्यंत कपाकडे बघत बसायचे.

नळसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात ते तक्रार विभागाच्या खिडकीवर बसत. तक्रार ऐकायची, लिहून घ्यायची, शिक्का मारायचा आणि पुढे पाठवायची. पुढे म्हणजे कुठे, आणि तिथे तिचं काय होतं, हे त्यांना उभ्या जन्मात कळलेलं नव्हतं. पण ते राहत त्या इमारतीच्या मते पाणी खात्यातला माणूस म्हणजे खिशात पाना घेऊनच जन्माला आलेला. कुणाचा वॉशर गेला, बोलवा नळसाहेबांना. टाकीत कावळा पडला, बोलवा नळसाहेबांना. "अहो, मी फक्त लिहून घेतो, दुरुस्त करत नाही," असं त्यांनी एकदा वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना सांगून पाहिलं. "मग लिहून तरी घ्या," मास्तर म्हणाले. घेतलं बिचाऱ्यांनी लिहून.

खिडकीवर इतकी वर्षं काढल्यावर माणसाला कॅलेंडर लागत नाही. समोरच्याच्या नुसत्या आवाजावरून नळसाहेब वार ओळखत. सोमवारी लोक भांडायलाच येतात, कारण रविवारभर घरी बसून त्यांनी नळाची टपटप ऐकलेली असते. मंगळवारी ओरडत नाहीत, टोमणे मारतात. बुधवारी समजुतीने बोलतात, आणि समजूतदार माणसाइतकं दमवणारं जगात कोणी नाही. त्याला उत्तर द्यावं लागतं. गुरुवारी 'मागच्या गुरुवारी आलो होतो' एवढंच सांगायला येतात. शुक्रवारी हात जोडतात, कारण रविवारी घरी पाहुणे यायचे असतात. शनिवारी मात्र चिटपाखरू फिरकत नाही. शनिवारी माणसाला गळका नळसुद्धा आपलाच वाटतो. असे सहा दिवस दुसऱ्यांचे मूड अंगावर झेलून नळसाहेब घरी येत तेव्हा त्यांचा स्वतःचा असा मूडच शिल्लक नसे.

त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात होती. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून 'खाली बघा, वर बघा' म्हणायचं काम. दुकान रविवारी अर्धा दिवस उघडं आणि बुधवारी बंद. म्हणजे साहेबांना सुट्टी रविवारी आणि बाईंना बुधवारी. रविवारी दुपारी ती दमून घरी यायची, तर नवरा आणि लेक 'आज काय स्पेशल?' अशा चेहऱ्याने टेबलापाशी तयार. मग ती स्वयंपाकाला लागायची आणि साहेब जेवून झोपायला. लेक शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि त्या वयात जीभ जरा जास्तच धारदार असते. ती एकदा म्हणाली, "बाबा, तुमचं लग्न झालंय की शिफ्ट ड्युटी लागलीय?"

ते नळसाहेबांना लागलं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बुटाची नाडी सोडता सोडता त्यांनी बायकोला विचारलं, "काय गं, बुधवारी दिवसभर करतेस तरी काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "बुधवारी मी रिकामीच असते."

हे म्हणताना तिच्या चेहऱ्यावर काय होतं, हे बघायला त्यांनी मान वर करायला हवी होती. पण वार गुरुवार होता, आणि गुरुवारी संध्याकाळी नळसाहेबांची मान वर होत नसे.

आता हा 'रिकामी' शब्द भलता दगलबाज आहे. भांडं रिकामं असलं तर वाईट, बसमधली खुर्ची रिकामी असली तर बरं. पोट रिकामं नको, रस्ता रिकामा हवा. माणसाला रिकामा म्हणावं तर त्याला राग येतो, आणि त्यालाच 'जरा रिकामा आहेस का' म्हणावं तर तो कामाला लागतो. नळसाहेबांनी त्यातला नेमका रडका अर्थ उचलला. त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: घरात कोणी नाही, बोलायला माणूस नाही, आणि आपली बायको हातावर हात ठेवून दाराकडे टक लावून बसली आहे. त्यांना भरून आलं. आपण किती दुष्ट! त्या भरात त्यांनी ठरवून टाकलं की आपली सुट्टी रविवारची बुधवार करून घ्यायची. तिला सोबत होईल. शिवाय आठवडा मधोमध मोडला की त्याचं ओझंही निम्मं होईल. म्हणजे एका दगडात दोन पक्षी. त्यातला एक पक्षी आपल्याच घरात राहतो, हे तेवढं ध्यानात आलं नाही.

जिन्यात मास्तर भेटले. त्यांना सांगायला नको होतं, पण चांगला विचार माणसाच्या पोटात राहत नाही.

"रविवार सोडू नका," मास्तर कठडा धरून म्हणाले. "रविवार सोडलेला माणूस पुन्हा माणसांत येत नाही. माझे एक मेव्हणे होते. कारखान्यात मंगळवारची सुट्टी. सगळ्या नात्यागोत्याचे समारंभ रविवारी. वर्षानुवर्षं ते कुठे दिसलेच नाहीत. शेवटी निवृत्त झाल्यावर एका लग्नाला आले, तर लोकांनी त्यांना वाढपी समजून पाणी मागितलं."

"मग?"

"मग काय, दिलं त्यांनी. स्वभावाने गरीब."

नळसाहेब तरीही अर्ज घेऊन आस्थापना विभागाच्या बाईंकडे गेले. बाईंनी अर्ज उलटा करून पाहिला, जणू खरा मजकूर मागे असावा. "आठवडा बदलायची सोय नाही," त्या म्हणाल्या. "रजा आहे, अर्धी रजा आहे, आजारपण आहे. पण वार बदलून मिळत नाही. कारण काय लिहू?"

"कौटुंबिक."

"घरात आजारी कोण?"

"कोणी नाही."

"मग कौटुंबिक कसं?"

"बायकोबरोबर राहायचंय," नळसाहेब हळूच म्हणाले. म्हणजे त्यांच्या मते हळूच. मागच्या टेबलावरचे दोन कारकून चहा पिता पिता थांबले. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "लग्नाला बरीच वर्षं झाली ना तुमच्या?"

"हो."

"आणि अजून?"

बाईंनी एक मोठा श्वास घेऊन कारणापुढे 'विशेष परिस्थिती' असं लिहिलं. संध्याकाळपर्यंत तक्रार विभागातल्या नळसाहेबांच्या घरी काहीतरी विशेष परिस्थिती आहे, ही बातमी तळमजल्यावरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचली. तो त्या दिवसापासून त्यांना जरा जास्तच आदराने सलाम करू लागला. एरवी तो अर्ज तिथेच पिवळा पडला असता. पण रविवारी तातडीच्या तक्रारींसाठी एक खिडकी उघडी असे, आणि तिथे पाळीपाळीने बसण्यावरून दर महिन्याला मारामारी. नळसाहेब म्हणाले, "मी कायमचा बसतो." ज्या कार्यालयात पेन मागितलं तर रिफिल येईतो ऋतू बदलतो, तिथे हा अर्ज दुसऱ्या दिवशी सहीशिक्क्यासह परत आला. शेजारच्या खिडकीवरच्या सहकाऱ्याने तर त्यांना मिठीच मारली. हा गृहस्थ दर तक्रारीनंतर एक लांब सुस्कारा सोडायचा, म्हणून त्याला सगळे सुस्कारे म्हणत. बाहेरच्या लोकांना ते आडनावच वाटे.

नळसाहेब उड्या मारत घरी आले. बायको दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"अगं, गंमत ऐक. येत्या बुधवारपासून मी घरी!"

"का हो? बरं वाटत नाही?"

"सुट्टी! बुधवारची! रविवार दिला सोडून. तुला सोबत म्हणून."

तिच्या हातात ओला टॉवेल होता. तो तिने झटकला नाही, नुसता धरून ठेवला. पाणी पायावर गळत राहिलं. "एकच बुधवार ना?"

"छे! दर बुधवार!"

"अरे वा," ती म्हणाली.

हे 'अरे वा' नळसाहेबांनी खिडकीवर हजारदा ऐकलेलं होतं. 'तुमची तक्रार पुढे पाठवली आहे' असं सांगितलं की लोक अगदी ह्याच सुरात 'अरे वा' म्हणतात. पण कचेरीतून घरी आलेला माणूस बुटांबरोबर कानही काढून ठेवतो, त्याला काय करणार!

तिचा बुधवार काय होता ते इथेच सांगून टाकलेलं बरं. सकाळी नवरा गेला, लेक गेली, दाराला कडी लागली, की ती केस मोकळे सोडून खिडकीपाशी बसायची आणि काहीही करायची नाही. भूक लागली तर पातेल्यातूनच दोन घास खायची, उभ्या उभ्या, ताट न घेता. रेडिओ लावायची, कंटाळा आला की मध्येच बंद करायची. दुपारी जमिनीवर पालथी पडून लोळायची. दार वाजलं तर उघडायची नाही. आठवडाभर लोकांच्या नाकाशी आणि घरच्यांच्या पोटाशी झुंजताना ह्या एका दिवसाचा तिला आधार असायचा; सोमवारी ती म्हणायची परवा बुधवार, आणि गुरुवारी म्हणायची कालच तर झाला. उभ्या आठवड्यात तिच्या मालकीचा तेवढा एकच दिवस होता. आणि नवरा तो अर्धा वाटून घ्यायला आनंदाने येऊन बसला. बरं, सांगावं तरी कसं? बिचारा रविवार सोडून आला होता!

पहिल्या बुधवारी ती खिडकीपाशी बसली, तर नळसाहेब खुर्ची ओढून शेजारी. "काय करतेस?"

"काही नाही."

"मग मीही काही करत नाही. दोघं मिळून करू."

जरा वेळ दोघांनी मिळून काही केलं नाही. पण नळसाहेबांना ते जमेना. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे चहाची पावडर शोधायला तिला सगळे डबे उघडावे लागले. मग ते म्हणाले, "आज मस्त गरम गरम जेवू दोघं," आणि मस्त गरम गरम तिने केलं. जेवून ते आडवे झाले. जाग आली तो भिंतीवरचं ऊन पिवळं. आणि पोटात तोच ओळखीचा खड्डा. गुरुवार आला होता.

नळसाहेबांना धक्काच बसला. सोमवार टाळला तर त्याने आपला धाकटा भाऊ पाठवला होता. त्यात रविवारी ते त्या मोठ्या सुनसान कार्यालयात एकटे बसत. फोन वाजला की पलीकडून घरातली भांडी, मुलांचा गोंधळ, हसणं ऐकू येई आणि मग कुणीतरी म्हणे, "अहो, पाणी गेलंय!" सगळं जग सुट्टीवर आणि आपण त्याचं पाणी बघतोय, ह्या विचाराने त्यांना दुप्पट थकवा यायचा. सोमवारी तर आठवडा सुरू झाला की चालू आहे हेच त्यांना कळेना. त्यांनी एका भांडणाऱ्या बाईंना चुकून 'शनिवार सुखाचा जावो' म्हटलं, आणि त्या बाई थेट मोठ्या साहेबांकडे गेल्या.

पुढच्या बुधवारी इमारतीने दखल घेतली. धडधाकट पुरुष, कामाचा दिवस, आणि बनियनवर गॅलरीत उभा? दुपारी मास्तर हळूच आले, खांद्यावर हात ठेवून बसले. "किती दिवसांचं आहे?"

"काय?"

"निलंबन. लपवू नका, आपण घरचेच."

"अहो, सुट्टी आहे माझी!"

"तसंच म्हणायचं," मास्तर मान हलवत म्हणाले. "माझे मेव्हणेही सुरुवातीला तसंच म्हणायचे."

संध्याकाळी नळसाहेबांच्या ताईचा फोन. ती रडतच होती. "मला परक्याकडून कळावं? तू असं काही करशील असं वाटलं नव्हतं रे." नळसाहेबांनी काय केलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ते केल्याबद्दल सगळ्यांनी त्यांना माफ करून टाकलं होतं. नळसाहेबांना असा संताप आला की त्यांनी मंजुरीचा कागद जिन्यात चिकटवायचा घाट घातला. बायकोने कसाबसा आवरला.

खरं कळलं तेव्हा तर आणखीच पंचाईत. नळसाहेब दर बुधवारी घरी असतात! म्हणजे किल्ल्या ठेवायला, पार्सलं घ्यायला, फ्रिजवाल्याची वाट बघायला हक्काचा माणूस मिळाला. बघता बघता बुधवारी त्यांच्या घरात बस स्टँडची कळा आली. एका कोचावर तीन घरांची तीन माणसं एकाच वायरमनची वाट बघतायत, मास्तर पेपर मोठ्याने वाचतायत, आणि बायको आधणात आणखी एक कप पाणी ओततेय. 'वहिनी, साखर जरा कमी.' 'वहिनी, हे तुमच्या फ्रिजमध्ये ठेवू?' वहिनी ठेवायच्या.

त्यातच तळमजल्यावरच्या शिंपीणबाई आपल्या गळक्या नळासाठी पाना घेऊन आल्या. नळसाहेबांनी पुन्हा सांगितलं की मी लिहून घेतो. पण घरात इतकी माणसं बघत होती, आणि इभ्रतीचा प्रश्न होता. त्यांनी खाली जाऊन पाना फिरवला. नळाची तोटी हातात आली आणि पाण्याने शिलाई मशीनपर्यंत मजल मारली. मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, तो पुन्हा उघडेना. सबंध इमारत रात्रभर कोरडी. गुरुवारी सकाळी खिडकी उघडल्यावर नळसाहेबांनी पहिली तक्रार स्वतःविरुद्ध स्वतःच लिहून घेतली, शिक्का मारला आणि पुढे पाठवली.

त्यानंतरच्या बुधवारी बायको सकाळीच साडी नेसून तयार.

"दुकानात नव्या फ्रेमा आल्यात," ती म्हणाली. "आता काही दिवस बुधवारी बोलावलंय लावायला."

"सुट्टीच्या दिवशी? माणूस आहे का कोण तुझा मालक!" नळसाहेब भडकले. "मी बोलतो त्याच्याशी."

"नको, नको," ती घाईने म्हणाली. "तुम्ही नका बोलू."

ती गेली. तिच्या पाठोपाठ लेक दप्तर उचलत म्हणाली, "बाबा, ही बुधवारची सुट्टी घ्यायच्या आधी आईला विचारलं होतंत?"

"अगं, सरप्राइज होतं ते."

"हं," लेक म्हणाली. त्या 'हं'मध्ये पुष्कळ काही होतं, पण तिची बस आली.

मग बुधवारामागून बुधवार असेच गेले. ज्या बायकोसाठी रविवार सोडला ती बाहेर, आणि घरात मास्तर. नळसाहेब मनातून पार खचले. माणसाने त्याग करावा, आणि तो बघायलाही कुणी घरी नसावं! अशाच एका बुधवारी मास्तर कोचावर बसले ते थेट नळसाहेबांच्या चष्म्यावर. "काहीतरी टोचलं बुवा," म्हणत त्यांनी दोन तुकडे काढून हातात दिले.

नळसाहेबांना चष्म्याशिवाय हाताच्या अंतरापलीकडचं सगळं धुक्यात. पण मनातल्या मनात त्यांना बरं वाटलं. दुकानात जायला कारण मिळालं. बायको नाकावर फ्रेम बसवील, 'खाली बघा, वर बघा' म्हणेल, तेवढंच बोलणं होईल. भिंतीला हात लावत लावत ते दुकानापाशी पोचले, आणि हात लागला तो शटरला. खाली ओढलेलं, वर कुलूप.

शेजारच्या घड्याळवाल्याने मान बाहेर काढली. "बुधवारी बंद असतं की."

"हल्ली उघडतात ना? फ्रेमा लावायला?"

"छे हो. मी रोज इथेच असतो. बुधवारी कधीच उघडलेलं नाही."

सिनेमातल्या नवऱ्याला असल्या वेळी काय काय सुचतं. नळसाहेबांना एकच सुचलं: ती आजारी आहे. कुठल्या तरी दवाखान्यात जाते आणि आपल्याला सांगत नाही. त्यांनी घाईघाईने फोन लावला, तर ती उचलेना. रस्त्यावरून धुरकट माणसं येत-जात होती आणि त्यातली प्रत्येक बाई त्यांना आपली बायको वाटत होती. आता जायचं कुठे? घरी मास्तर. शेवटी माणूस गोंधळला की पाय सवयीच्या वाटेला लागतात. नळसाहेबांचे पाय त्यांना कार्यालयात घेऊन गेले.

खिडकीवर सुस्कारे होता. "बरं झालं आलात," तो कुजबुजला. "आजही ती बाई आलीय."

"कोण बाई?"

"दर बुधवारी येते. टोकन घेत नाही, तक्रार सांगत नाही. शेवटच्या बाकावर पंख्याखाली नुसती बसते, दिवसभर. मी विचारलं तर म्हणते, 'अजून माझा नंबर यायचाय.' टोकन नाही तर नंबर कुठला येणार, सांगा! मला तर धडकीच भरते हो. तुमचा हात बसलाय असल्या लोकांवर, तुम्हीच विचारा."

नळसाहेबांच्या डोक्यात बायको होती. पण इतक्या वर्षांची सवय. ते शेवटच्या बाकापाशी गेले. समोर निळसर असं काहीतरी बसलेलं होतं. खिडकीवरच्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, आपली तक्रार काय आहे?"

निळसर काहीतरी दचकून ताठ बसलं. "अहो, चष्मा कुठाय तुमचा?"

नळसाहेब मटकन बाकावर बसले. आधी हायसं वाटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. मग राग आला. आणि मग काहीच कळेनासं झालं. "तू आजारी नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

"मग इथे का?"

ती पदर नीट करत म्हणाली, "इथे बरं आहे. पंखा आहे. कुणी चहा मागत नाही. रांगेतल्या माणसाला कुणी 'काय करताय' असंही विचारत नाही." आणि मान खाली घालून म्हणाली, "आणि बुधवारी तुम्ही इथे नसता."

हे शेवटचं वाक्य नळसाहेबांच्या छातीत सरळ जाऊन बसलं. "मी नको होतो तुला?"

"असं काय हो बोलता! तुम्ही हवे असता. संध्याकाळी यायला उशीर झाला तर मी गॅलरीत येरझाऱ्या घालते, ठाऊक आहे ना? पण आठवड्यात एक दिवस मला कुणीच नको असतं. आई म्हणणारं नको, वहिनी म्हणणारं नको, अगं म्हणणारं नको. तुम्हाला सांगितलं होतं मी, बुधवारी मी रिकामी असते म्हणून."

"म्हणून तर मी आलो! म्हटलं, बिचारी रिकामी बसते..."

"रिकामी म्हणजे रिकामी हो!" ती म्हणाली, आणि तिला रडू आणि हसू एकदमच आलं. "किती छान वाटायचं. तुम्ही इतक्या प्रेमाने आलात, तर मी काय म्हणणार होते? जा म्हणणार होते?"

पंखा कुरकुरत होता. खिडकीपाशी कुणीतरी समजुतीने बोलत होतं आणि सुस्कारे सुस्कारे टाकत होता. आयुष्यभर तक्रारी लिहून घेतल्या, नळसाहेबांना वाटलं, आणि घरचं एक साधं वाक्य धड ऐकता आलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तिची इतकी माया आली की काय करावं ते सुचेना. त्यांनी फक्त विचारलं, "घराची किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मग जा घरी. मास्तर बसलेत, त्यांना म्हणावं, साहेबांना कायमचं परत बोलावलंय बुधवारी. सगळ्यांच्या किल्ल्या देऊन टाक. आणि आतून कडी लाव."

"आणि तुम्ही? तुमची सुट्टी ना?"

"माझी सुट्टी आहे, कुठे बसायचं ते माझं मी बघीन. रविवार परत मिळेल तेव्हा मिळेल. तू जा."

ती उठली. दोन पावलं जाऊन थबकली. "चष्म्याशिवाय रस्ता कसा ओलांडाल?"

"सुस्कारे पोचवील. जा म्हटलं ना."

ती निघाली. दारापाशी वळून बघेल असं त्यांना उगीचच वाटलं. पण पावलं थांबली नाहीत. दुकानातून रोज पाय ओढत घरी येणारी ती बाई जिना भराभर उतरत गेली. दिसलं नाही, तरी चपलांचा आवाज त्यांना खालपर्यंत ऐकू आला. त्यांना जरा लागलं, खोटं कशाला बोला. पण बरंही वाटलं.

नळसाहेबांच्या घरच्यांना सुस्कारे ओळखत नव्हता; तो खिडकी सोडून धावत आला. "गेली? काय तक्रार होती हो तिची?"

"मी," नळसाहेब म्हणाले.

"काय?"

"तक्रार मीच होतो. निकाली काढली."

त्या विभागात आलेल्या दिवशीच निकाली निघालेली ही पहिलीच तक्रार. सुस्कारे आ वासून बघत राहिला. नळसाहेब तिने सोडलेल्या जागेवर पंख्याखाली सरकून बसले आणि कार्यालय सुटायची वाट बघू लागले.